जनगणनेतले खासगी प्रश्न : आपापले अनुभव लिहावेत

२०११ नंतर रखडलेल्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. देशाच्या बहुतेक भागासाठी तिचा संदर्भ दिनांक, म्हणजे ज्या वेळची स्थिती धरून मोजणी होते तो दिवस, १ मार्च २०२७ हा आहे. या वेळी सर्व जातींची नोंद होणार असून, ज्यांना हवे त्यांना आपली माहिती स्वतः भरण्याचीही सोय आहे. त्यामुळे ‘सरकारला आमच्या घरातले एवढे कशाला सांगायचे’ हा प्रश्न पुन्हा कानावर येऊ लागला आहे, आणि तो विचारणाऱ्यांना वेड्यात काढणे मला योग्य वाटत नाही. आधीच्या गणनांत ज्यांना एखादे उत्तर देणे जड गेले, ज्यांनी ते दिले नाही, किंवा ज्यांनी प्रगणक म्हणून असे प्रश्न दारोदार विचारले, त्यांनी येथे लिहावे, अशी विनंती आहे. नावे आणि गावे लिहू नयेत.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम ८ नुसार प्रगणकाने विचारलेल्या प्रश्नांना आपल्या माहितीप्रमाणे उत्तर देणे बंधनकारक आहे. जाणूनबुजून खोटे उत्तर दिल्यास किंवा उत्तर नाकारल्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कायद्याच्या कलम १५ ने आपले भरलेले पत्रक कोणालाही पाहता येत नाही, आणि काही मोजके अपवाद सोडता न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. प्रगणकाने अयोग्य किंवा अपमानकारक प्रश्न मुद्दाम विचारला, अथवा मिळालेली माहिती परवानगीवाचून फोडली, तर त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कागदाला संरक्षण भक्कम आहे. माझी चिंता त्या कागदापर्यंत पोहोचण्याआधीच्या पाच-दहा मिनिटांची आहे, कारण तेव्हा उत्तर मोठ्याने बोलावे लागते आणि ऐकणारे कान फक्त प्रगणकाचे नसतात.

एक नोकरदार स्त्री

२०११ साली मी माहेरी राहत होते. आमची चाळ जुनी आहे, समाईक गॅलरीची. प्रगणक बाई गॅलरीतच खुर्ची टाकून बसल्या आणि एकेका घराला हाक मारू लागल्या. त्यांचा नाइलाज मला समजत होता, कारण आमच्या खोलीत त्यांना पत्रक पसरून बसायला जागा नव्हती. पण त्यामुळे शेजारच्या काकू, समोरचे आजोबा आणि नळावर आलेल्या दोघीजणी असे सगळेच तेथे उभे होते. वैवाहिक स्थितीचा रकाना आला तेव्हा बाईंनी सहज विचारले, ‘‘विवाहित लिहू ना?’’ त्या गणनेत ‘विभक्त’ आणि ‘घटस्फोटित’ यांना प्रथमच वेगवेगळे संकेतांक दिलेले होते, हे मला पुढे कळले. माझ्या घटस्फोटाचा निकाल तोपर्यंत लागलेला होता आणि चाळीत ते कोणालाही ठाऊक नव्हते. आईने ‘जावई परदेशी आहेत’ असे सांगून ठेवले होते. आई माझ्या आधी बोलली आणि ‘‘हो, विवाहित’’ म्हणाली. मी बाईंच्या हातातला पत्रकाचा गठ्ठा माझ्याकडे वळवला आणि योग्य संकेतांकावर बोट ठेवले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, काही न बोलता तो आकडा लिहिला आणि पुढचा प्रश्न जरा मोठ्या आवाजात विचारला.

सरकारी नोंदीत मी घटस्फोटित आहे याचे मला तेव्हाही काही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. मला ते गॅलरीला सांगायचे नव्हते, एवढेच. ही संधी मला त्या बाईंच्या समजूतदारपणामुळे मिळाली, आणि एखाद्या नागरिकाचा खासगीपणा असा समोरच्या माणसाच्या स्वभावावर अवलंबून असावा, हे मला आजही पटत नाही.

निवृत्त शिक्षिका, दोन गणनांत प्रगणक

वरचा अनुभव वाचून लिहावेसे वाटले. आम्हा प्राथमिक शिक्षकांना हे काम नेहमीच मिळते, आणि बहुधा आपल्याच गावात किंवा शेजारच्या वाडीवर. त्याचा फायदा असा की लोक दार उघडतात. तोटाही तोच आहे. परक्या माणसाला जे सांगता येते ते मुलाच्या बाईंना सांगताना जीभ अडखळते, कारण उद्या शाळेत त्यांचे तोंड पाहायचे असते.

सर्वांत कठीण प्रश्न जातीचा किंवा उत्पन्नाचा असेल, असे लोकांना वाटते. माझ्या अनुभवात तो मुलांचा होता. लग्न झालेल्या प्रत्येक स्त्रीला आज हयात असलेली मुले किती आणि आजवर जिवंत जन्मलेली एकूण मुले किती, असे दोन आकडे विचारायचे असतात, मुलगे आणि मुली वेगवेगळे. दोन आकड्यांत फरक आला की त्या घरात एक लेकरू गेलेले असते. हा प्रश्न बालमृत्यू आणि जननदर काढण्यासाठी फार मोलाचा आहे, त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण तो ज्या पद्धतीने विचारला जातो ती पद्धत मला बदलावी लागली. एका घरी सासूबाई पडवीत बसून सुनेच्या वतीने भराभर उत्तरे देत होत्या. ‘‘दोन पोरं, दोन्ही समोर खेळतायत, लिवा.’’ सून चुलीपाशी होती आणि तिने मान वर केली नाही. मी पाणी मागितले, ते घेण्याच्या निमित्ताने आत गेले आणि तिच्याजवळ बसून हळू आवाजात पुन्हा विचारले. पहिली मुलगी होती, सव्वा महिन्याची होऊन गेली, आणि त्या घरात तिचे नाव काढायचे नाही असे ठरलेले होते. मी जन्मलेल्या मुलींच्या रकान्यात एक लिहिला. बाहेर आल्यावर सासूबाईंनी ‘‘काय लिवलं वो बाई?’’ असे विचारले, तेव्हा ‘‘जे शासनाला हवं ते,’’ एवढेच उत्तर दिले.

कलम ८ मध्ये एक जुनी तरतूद आहे, ती आम्हाला प्रशिक्षणात सांगितली गेली होती आणि पुष्कळांना माहीत नसते. घरातल्या स्त्रीचे नाव सांगण्याची सक्ती कोणावरही नाही, आणि रूढीने ज्याचे नाव घेणे वर्ज्य आहे अशा पतीचे किंवा दुसऱ्या कोणाचे नाव घेण्याची सक्ती स्त्रीवर नाही. वाडीवरच्या म्हाताऱ्या बायका खरोखरच नवऱ्याचे नाव घेत नसत. नातू सांगायचा किंवा शेजारीण सांगायची. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी १९४८ मध्येच मानले होते की काही गोष्टी तोंडाने वदवून घ्यायच्या नसतात. हाच विचार नावापुरता न ठेवता इतर प्रश्नांनाही का लावू नये?

दुसरी अडचण गावच्या पुढाऱ्यांची. काम चालू असताना एका वजनदार गृहस्थांनी मला घरी चहाला बोलावले आणि कोणत्या वस्तीत किती माणसे आहेत याची ‘‘नुसती यादी’’ पाहायला मागितली. मी पत्रके पर्यवेक्षकांकडे जमा केल्याचे सांगून उठले. ती तेव्हा माझ्या पिशवीतच होती, आणि घरी परतेपर्यंत मी ती पिशवी खांद्यावरून उतरवली नाही. प्रगणकाला दिवसभराच्या धावपळीत सर्वांत अवघड पडते ते आपल्याच गावातल्या माणसाला नाही म्हणणे.

एका मुलाचे वडील

२००१ मध्ये अपंगत्वाचे पाच प्रकार होते, २०११ मध्ये आठ झाले आणि मानसिक आजाराचा प्रकार वेगळा नोंदवला जाऊ लागला. माझा मुलगा त्या रकान्यात बसतो. तेव्हा धाकट्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. प्रगणक गुरुजी ओळखीचे होते आणि मी त्यांना सरळ विचारले की हे कुठे छापून येणार का. त्यांनी समजावले की एकेकट्या माणसाची माहिती बाहेर येत नाही, फक्त गावाचा, तालुक्याचा आकडा येतो. मी लिहू दिले. माझ्यासारख्या घरांनी सारे लपवले तर जिल्ह्यात असे रुग्ण किती हे कागदावर दिसणारच नाही आणि मानसोपचारतज्ज्ञ मागायचा कोणत्या आधारावर, हा विचार त्यामागे होता. पण मी गुरुजींना जिन्याखाली बोलावून हे सांगितले, बैठकीत नाही, कारण बैठकीत भावकी बसली होती.

सोसायटीत राहणारा एक भाडेकरू

आमच्या इमारतीत २०११ ला प्रगणकाला घरोघरी फिरू न देता सोसायटीच्या कार्यालयात बसवले गेले. टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला सचिव, आणि आम्ही एकेक करून आत जायचो. मी बौद्ध आहे. त्या वेळी जातीचे नाव फक्त अनुसूचित जाती-जमातींसाठी विचारले जात होते, आणि हिंदू, शीख व बौद्ध धर्मीयांचीच अनुसूचित जातीत नोंद होऊ शकत होती. बौद्धांना ही मान्यता १९९० मध्ये मिळाली. त्यामुळे धर्माचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न हे माझ्यासाठी एकाला लागून एक येतात. माझ्या आडनावावरून काही कळत नाही आणि घर मिळताना त्याचा मला उपयोग झाला होता, हे मी स्पष्टच लिहितो. सचिव महाशय कान देऊन बसले होते. मी प्रगणकाला म्हणालो की माझी माहिती माझ्या घरीच घ्या, मी आज संध्याकाळी आहे. सचिवांना ते रुचले नाही. प्रगणक मात्र आला, आणि मी माझा धर्म व जात दोन्ही ताठ मानेने सांगितली.

या खेपेस सर्वांनाच जात विचारली जाणार आहे. १९३१ नंतर जनगणनेत सर्व जातींची तपशीलवार गणना प्रथमच होत आहे. तिची गरज मला मान्य आहे. आकड्यांवाचून न्याय मागता येत नाही. मात्र सोसायटीच्या कार्यालयात टेबल मांडायची पद्धत आधी बंद झाली पाहिजे.

गावाकडचा एक शेतकरी

आमच्या येथे लोकांचा विश्वास उडाला तो वेगळ्याच कारणाने. जनगणनेनंतर काही काळाने दोन माणसे टॅब्लेट घेऊन आली आणि घर कसले, जमीन किती, वाहन आहे का, असे विचारून गेली. पुढे याच माहितीची प्रारूप यादी हरकतींसाठी लागली तेव्हा ‘‘जनगणनेतली माहिती चव्हाट्यावर मांडली’’ असा बोभाटा झाला. प्रत्यक्षात ती सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणना होती. ती जनगणना कायद्याखाली नव्हती, आणि तिच्यातली घरांची माहिती योजनांचे लाभार्थी ठरवण्यासाठी वापरली जाणार हे आधीपासून ठरलेले होते. गावात हे कोणी नीट सांगितलेच नाही. दारात दोन वेगळ्या कामांसाठी सारखीच दिसणारी माणसे आली तर लोकांनी फरक ओळखायचा कसा?

धागाकर्तीचे उत्तर

हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. असाच गोंधळ २०१० मध्येही झाला. घरयादीच्या, म्हणजे जनगणनेच्या पहिल्या टप्प्यातल्या घरांच्या नोंदीच्या वेळी त्याच प्रगणकांनी राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचीही (देशातल्या रहिवाशांच्या वेगळ्या नोंदीची) माहिती घेतली. त्या नोंदवहीचा आधार नागरिकत्व कायदा, १९५५ आणि २००३ चे नियम हा आहे, जनगणना कायदा नव्हे. त्यामुळे कलम १५ चे कवच तिला नाही. म्हणून दारात आलेल्या माणसाला ‘‘हे कोणत्या कायद्याखाली?’’ असे विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही. ओळखपत्र पाहण्याचाही आपल्याला पूर्ण हक्क आहे.

नाव न सांगू इच्छिणारी व्यक्ती

२०११ मध्ये लिंगाच्या प्रश्नात ‘इतर’ हा पर्याय प्रथमच आला. आमच्या घरी उत्तरे वडिलांनी दिली. कुटुंबप्रमुख सर्वांच्या वतीने सांगतो, तेव्हा माझ्याबद्दल काय लिहिले गेले हे मी विचारले नाही आणि मला कोणी सांगितलेही नाही. वर सर्वांनी शेजाऱ्यांबद्दल लिहिले आहे. काही जणांसाठी शेजार घरातच असतो.

संगणक क्षेत्रातील एक वाचक

स्वतः माहिती भरण्याच्या सोयीमुळे गॅलरी, पडवी आणि सोसायटीचे कार्यालय हे तिन्ही प्रसंग टळू शकतील, हा मोठाच लाभ आहे. वरच्या शेवटच्या अनुभवावर मात्र त्याने उपाय होत नाही, कारण पूर्ण कुटुंबाची माहिती एकाच व्यक्तीने भरायची असते. घरातला एकमेव फोन ज्याच्या हाती, त्याच्याच हाती सगळ्यांची उत्तरे.

फसवणुकीचीही भीती आहे. जनगणनेत कोणाचा बँक खाते क्रमांक, पिन किंवा ओटीपी सांगायचा नसतो. घरयादीत बँक सेवेविषयी २०११ ला जो प्रश्न होता तो फक्त ‘घेता की नाही’ एवढाच होता. मोबाइल क्रमांक विचारला जातो तो जनगणनेच्या संपर्कापुरता. याहून अधिक कोणी फोनवर मागू लागला तर तो प्रगणक नव्हे, असे समजून फोन ठेवावा.

धागाकर्तीचे उत्तर

माहिती स्वतः भरणार असाल तर घरातल्या प्रत्येक प्रौढाला त्याची किंवा तिची उत्तरे एकांतात विचारून मग भरावीत, ही माझी आग्रहाची विनंती आहे. प्रगणक दारी येणार असतील तर त्यांना आत बोलवावे, बसायला द्यावे आणि घरातल्यांखेरीज इतरांना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगावे. निवृत्त शिक्षिकाबाईंना एक विचारायचे आहे: उत्तर देणाऱ्याला पत्रकावर नुसते बोट ठेवू देण्याची परवानगी प्रशिक्षणात दिली जाते का, की तो तुमच्यासारख्यांनीच शोधलेला मार्ग आहे? ज्यांचे या वर्षीचे प्रशिक्षण झाले आहे त्यांनीही याविषयी लिहावे.