मदत हवी आहे: पावसाळ्यात वीस जणींचा व्यायामवर्ग कसा टिकवायचा?

रत्नागिरीत लेडीज हॉस्टेलला राहते. डिसेंबरपासून आम्ही वीसेक जणी सकाळी सहाला भाट्याच्या पुळणीवर जमायचो. थोडं धावणं, सूर्यनमस्कार, शेवटी झुंबा. आता समुद्र खवळलाय, तिकडे जायचा प्रश्नच नाही.

हॉस्टेलचा पहिल्या मजल्यावरचा हॉल मिळालाय, पण खाली शहाबादी फरशी. या दमट हवेत तिला असा घाम फुटतो की पुसून पाठ फिरवली की परत ओली. चटया टाकून पाहिल्या, त्याच सरकतात. बूट घालून उड्या मारल्या तर खालच्या खोल्यांतून आरडाओरडा, आणि चौथ्या दिवशी दोघींच्या नडग्या दुखायला लागल्या. म्हणून उड्या बंद करून नुसते सूर्यनमस्कार ठेवले, तर आठवड्यात सातच जणी उरल्या. त्यांना तरी काय बोलणार, मलाच कंटाळा आला होता!

वेळ ४० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. जिमची फी परवडणार नाही, खर्च माणशी २०० रुपयांपर्यंतच. स्पीकर आहे, पण आवाज बेताचाच. मेसचा नाश्ता आठला, त्यामुळे सगळ्या उपाशीपोटीच येतात. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम प्रौढांना हवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेवढा तरी व्हावा एवढीच अपेक्षा.

कुणी असा वर्ग घेतला असेल तर सांगा: उड्या न मारता दम लागेल आणि मुली टिकतील असे कोणते प्रकार घ्यावेत, आणि ओलसर फरशीवर न सरकणारं स्वस्तातलं काय अंथरावं?