६० आणि ८० डेसिबलमध्ये फरक किती?

विमानांच्या आवाजावरच्या चर्चेत एकांनी लिहिलंय की ६० डेसिबलवरून ८० म्हणजे आवाज तिसऱ्या हिश्श्यानेच वाढला. तसं नाही हो. डेसिबलची मोजपट्टी लॉगरिदमची आहे. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते, म्हणजे २० ला शंभरपट! कानाला मात्र दर १० डेसिबलला आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणून ८० हा ६० च्या चौपट मोठा भासेल. आणि ८० ची दोन विमानं एकदम गेली तर १६० नव्हे, ८३ भरतात.

मी कुर्ल्यात वाढलो, उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखाली. फोनवर "थांब, विमान जातंय" हे दिवसातून कितीदा तरी व्हायचं. मांडणीवरची ताटं थरथरायची. ती थरथर खालच्या पट्टीतल्या घरघरीची, आणि नेहमीच्या 'ए' भारांकनाच्या (म्हणजे कानाला जसं ऐकू येतं तसे आकडे कमीजास्त करणाऱ्या) मोजणीत नेमकी तीच कमी धरली जाते, कारण कानाला ती कमी ऐकू येते. १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) आवाजाला तब्बल १९ डेसिबल वजा!

सरासरीतही त्रास असाच झाकला जातो. तासाभरात एकच विमान ३० सेकंद ८० डेसिबलने गेलं, बाकी पूर्ण शांतता, तर तासाची सरासरी ५९ च्या आसपास येते. पाळण्यातलं बाळ दचकून उठतं ते त्या ८० ने. आपल्याकडे निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ आहे. त्यामुळे विमानांच्या आवाजाच्या अहवालात नुसती सरासरी दिली असेल, तर प्रत्येक विमानाचा कमाल आकडा आणि रात्रीच्या फेऱ्यांची संख्या जरूर मागा.