थॅलेसेमियाच्या मुलांसाठी जुळणारं रक्त: रक्तदाते टिकवायचे कसे?

पूर्वभाग_सोलापूर
मंडळी, सोलापुरात थॅलेसेमियाच्या (अंगात रक्त नीट तयार न होण्याचा आजार) मुलांसाठीचा एक संशोधन प्रकल्प सांभाळते. ए-बी-ओ आणि आरएच-डी जुळवणं सगळीकडे होतंच. आम्ही तांबड्या पेशींवरच्या मोठा सी, छोटा सी, मोठा ई, छोटा ई आणि केल या खुणाही (अँटिजन) जुळवतो, आणि त्याने मुलांच्या अंगात परक्या रक्ताविरुद्ध नव्या अँटिबॉडी तयार होणं किती कमी होतं ते बघतो. लॅबचं बरं चाललंय. घोडं अडलंय दात्यांपाशी.

हिशोब बघा. मुलाला दर तीन आठवड्यांनी एक पिशवी, म्हणजे वर्षाला १७-१८. पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार. कागदावर एका मुलामागे पाच दाते पुरतात, पण एकाला ताप, दुसऱ्याचं हिमोग्लोबिन कमी, तिसरा गावाला, की दहाही कमीच. एप्रिलमध्ये जयंतीच्या शिबिरांत पिशव्यांचा ढीग, आणि मे महिन्यात उन्हाने जीव नकोसा झाला की कोणी फोनसुद्धा उचलत नाही. एकदा तपासलेला दाता परत यावा म्हणून काय करता? पैसे-भेटवस्तू सुचवू नका, नियमात बसत नाही आणि मलाही पटत नाही.

जेलकार्डवाला
ताई, मुलामागे दाते मोजूच नका, प्रकारामागे मोजा. डी आणि मोठा सी आहे, छोटा सी आणि मोठा ई नाही, हा प्रकार आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडतो. त्यातल्या केल-निगेटिव्ह पिशव्यांचा फ्रीजमध्ये वेगळा कप्पा करा. मुलात डी, मोठा सी आणि छोटा ई असला की एबीओ बघून त्यातलीच पिशवी चालते. खरी धावपळ उरते ती बाकीच्या थोड्या मुलांसाठी. नाव घेऊन फोन करायचे ते त्यांच्याच दात्यांना, तेही मुलाच्या तारखेच्या आठवडाभर आधी. शक्यतो दोन आठवड्यांच्या आतली पिशवी बरी.

आणि मुलांचं टायपिंग, म्हणजे पेशींवर कुठले अँटिजन आहेत ती तपासणी, पहिल्या पिशवीआधी झालं होतं का? रक्त चढल्यावर केलं तर तपासणीच्या जेलकार्डात थोड्या पेशी वर अडकतात, थोड्या तळाला बसतात. मुलाच्या कुठल्या आणि दात्याच्या कुठल्या, काय सांगणार! तिथे डीएनए तपासणीच करावी लागते.

अक्कलकोटची_आई
दात्यांचं तुम्ही जाणकार बघा, मी माझं सांगते. आम्हाला कधी सोलापूर, कधी कलबुर्गी सोयीचं पडतं. पोराच्या रक्तात अँटिबॉडी एका ठिकाणी सापडली होती, दुसरीकडे गेलो तेव्हा फाइल घरीच. तिथे तपासलं, काही आलं नाही, रक्त दिलं. आठवड्याभरात डोळे पिवळे, लघवी कोकमाच्या सरबतासारखी, आणि हिमोग्लोबिन होतं त्याच्याही खाली. एवढं जुळवताय तर पोरांच्या हातात काहीतरी लिहून द्या की.

जेलकार्डवाला
अगदी बरोबर बोललात. अँटिबॉडी काही काळाने इतकी उतरते की तपासणीत दिसतच नाही. तोच अँटिजन परत अंगात गेला की ती झपाट्याने वाढते. म्हणून एकदा सापडली की कायमची धरायची, पुढचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी.

पूर्वभाग_सोलापूर
आई, हे मनावर घेतलं. प्रकल्पाच्या नोंदी आमच्या कॉम्प्युटरमध्ये आणि पोरगं कलबुर्गीत, मग त्या नोंदींचा त्याला उपयोग काय? कार्ड काढते: गट, आरएच आणि केलचा तपशील, आजवर सापडलेल्या अँटिबॉडी, कधी सापडल्या ते. आधी एथिक्स कमिटीपुढे ठेवावं लागेल.

जेलकार्डवाले दादा, कप्प्याचं पटलं. जुन्या मुलांचं टायपिंग आधी झालेलं नाही, त्यांच्या डीएनएसाठी वेगळे पैसे मागावे लागणार. दात्यांच्या संमतिपत्रातही बदल करते: नमुना संशोधनाला वापरायची परवानगी वेगळी, परत फोन करायची वेगळी. सध्या एकाच सहीत दोन्ही आहे, आणि फोन गेला की माणूस म्हणतो, तुम्ही कोण? यंत्रमागावरच्या दात्यांना पाळी सुटल्यावर, संध्याकाळीच बोलवायचं असंही ठरवतेय.

मराठी आणि तेलुगू मजकूर होईल. कार्डाचा कन्नड मजकूर तपासून देणारं इथे कोणी आहे का?