हात हलवायचा, पण बेतानं

ताई, तुमच्या सासूबाईंचं स्तनाचं ऑपरेशन झालंय आणि शेजारच्या बायका 'टाके तुटतील, हात हलवू नका' म्हणतात, असं लिहिलंय. आमच्या खानापूरकडंही हेच सांगतात. पण हात छातीशी धरून बसलं की खांदा आखडतो. मूठ उघडणं-मिटणं, कोपर वाकवणं सुरुवातीपासून चालतं. भिंतीवर बोटं चढवत हात खांद्याच्या वर नेणं मात्र डॉक्टरांनी सांगितल्यावरच, बहुधा नळी (जखमेतलं पाणी बाहेर काढायला ऑपरेशनच्या वेळी बसवलेली) काढल्यानंतर.

नळीतलं पाणी रोज मोजून वहीत लिहा. 24 तासांत साधारण 30 मिलिलिटरपेक्षा कमी येऊ लागलं की नळी काढतात. ताप, पू किंवा अचानक लालभडक रक्त दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी बेळगावचं हॉस्पिटल गाठा.

काखेतल्या गाठी (लसिका ग्रंथी, इंग्रजीत लिम्फ नोड) काढल्या असतील तर त्या हाताला सूज काही वर्षांनीही येऊ शकते. म्हणून त्या हातात घट्ट बांगड्या नकोत (चुडा उतरवला म्हणून कुजबुजणाऱ्यांना कुजबुजू दे). उसाचा पाला कातडी चिरतो; शेतात पूर्ण बाही आणि हातमोजे हवेतच. बसनं जाताना काखेत छोटी मऊ उशी धरली की धक्के कमी लागतात.