मदत हवी आहे: तालुक्याच्या गावात काचबिंदूची तपासणी धड कशी बसवायची?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा डोळ्यांचा दवाखाना आहे. पेरणीच्या दिवसांत ओपीडी ओस असते, म्हणून काचबिंदूचे जुने केसपेपर काढून बसले आणि खजील झाले. डोळ्यातलं प्रेशर सगळ्यांचं लिहिलेलं, पण बहुतेकांचं एकदाच. डिस्कचं, म्हणजे डोळ्याच्या मागे नस दिसते त्या चकतीचं, चित्र मोजक्याच कागदांवर. गोनिओस्कोपीची, म्हणजे खास लेन्स लावून डोळ्यातलं पाणी बाहेर जायचा कोन बघण्याची, नोंद तर निम्म्याहून जास्त पेपरांवर नाही. म्हणजे कोन उघडा आहे की बंद, हे न बघताच मी थेंब सुरू केले. शिकत असताना रोज करायचे. आता लेन्स ड्रॉवरमध्ये पडून आहे.

पेपर काढायला निमित्त झालं एका बाईचं. दोन वर्षं माझ्याकडे चष्म्यासाठी येत होती. प्रेशर १८, म्हणून मी निश्चिंत. परवा मुलगा म्हणाला, "मॅडम, माय डाव्या अंगाच्या बैलाले धडकते." बाहुली फुलवून पाहिलं तर डाव्या डोळ्याची डिस्क पांढरीफटक. ही नजर आता परत येणार नाही. बाजाराच्या दिवशी ऐंशी पेशंट असतात, हे कारण त्या मुलाला सांगायची हिंमत झाली नाही.

गावात आम्ही डोळ्यांचे पाच डॉक्टर. किमान एवढं तरी प्रत्येकाने करायचंच, असं ठरवायचंय. पण मी सगळ्यांत लहान, एक सर तर माझ्या वडिलांच्या वयाचे. विषय काढू कसा? आणि दुसरं, पेशंट टिकवायचे कसे? "मले त दिसते ना बराबर, मंग थेंब कायले टाकू?" असं म्हणून निघून जातात.

वर्धेकर:
मॅडम, मी निवृत्त नेत्रतज्ज्ञ. 'तुमचं चुकतं' हे वाक्य तोंडून निघू देऊ नका. आधी स्वतःचे पेपर टेबलावर ठेवा, त्या बाईचा सुद्धा. मग नावं झाकून एकमेकांचे दहा-दहा पेपर वाचा. आम्ही चौघांनी केलं होतं. पहिल्या बैठकीत चहा गार झाला, दुसरीत सगळे बोलते झाले.

त्या १८ बद्दल. नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात ४,७११ लोकांचे डोळे तपासले गेले होते. त्यात कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याची, सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली. पुस्तकं ५४० च्या आसपास धरतात. कॉर्निया पातळ असला की प्रेशर मोजायचा टोनोमीटर ते कमी दाखवतो. म्हणजे आपल्या भागात '२१ च्या आत आहे, जाऊ द्या' हा नियम आणखीच फसवा. शिवाय खरोखरच प्रेशर कमी असूनही नस खराब होणारे असतातच. डिस्क पाहिल्याशिवाय चाळिशीपुढच्या कुणाला सोडू नका.

गोनिओला दोन मिनिटं पुरतात. खोलीत अंधार करा, स्लिट लॅम्पच्या उजेडाची पट्टी आखूड ठेवा, उजेड बाहुलीत जाऊ देऊ नका. नाहीतर बाहुली आकसते आणि बंद कोनही उघडा दिसतो. आपल्याकडे कोन बंद होणाऱ्या बहुतेकांना दुखतबिखत नाही, त्यामुळे तक्रारीची वाट बघण्यात अर्थ नाही. आणि खरं सांगा, टोनोमीटर बरोबर मोजतो का, हे त्याची दांडी ०, २ आणि ६ वर लावून शेवटचं कधी तपासलं?

एक रबरी शिक्का करून घ्या: कोन, डिस्क, प्रेशर आणि वेळ, कॉर्नियाची जाडी, दमा आहे का. कागदावर रिकामी रेघ दिसली की हात आपोआप लेन्सकडे जातो.

बोंडअळी:
डॉक्टर नाही, शेतकरी आहे. वर्धेकर सरांनी 'दमा' लिहिलं म्हणून सांगतो. माझ्या बाबांना काचबिंदूचे थेंब सुरू झाले आन् धाप वाढली. तीन महिने छातीच्या डॉक्टरकडे चकरा. शेवटी एकाने बाटली हातात घेऊन वाचली: टिमोलॉल. दमा आहे का, हे कुणी इचारलंच नव्हतं. दुसरं म्हणजे, बाबा थेंब टाकायचे ते अर्धे गालावर. महिन्याची बाटली दहा दिवसांत खल्लास, मग पुढचे वीस दिवस बिनथेंबाचे. डॉक्टरसमोर एकदा टाकून दाखवायला लावलं असतं तर तवाच समजलं असतं.

नेत्रसहाय्यक_ग्रामीण:
मी शिबिरांत असतो. लोकांना 'काचबिंदू' आणि 'मोतीबिंदू' एकच वाटतात. "काढून टाका ना बिंदू," म्हणतात. म्हणून मी 'डोळ्याचा बीपी' म्हणतो. तो बरा होत नाही, ताब्यात ठेवावा लागतो, हे घरात बीपीची गोळी खाणारं कुणी असलं की लगेच कळतं. (प्रेशर कमी असलेल्यांना ही उपमा लागू नाही, तिथे वेगळं सांगतो.) परत बोलावताना तारीख देत नाही, 'वेचणीच्या आधी' म्हणतो, आणि मुलाचा मोबाईल नंबर रजिस्टरात घेतो. सख्ख्या भावाबहिणींनाही आणायला सांगा, त्यांना धोका जास्त. आणि डोळे चुरचुरले की मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइडची बाटली कोण किती महिने टाकतंय, हे नक्की विचारा. फवारणीच्या दिवसांत असे फार सापडतात.

मूळ धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. बोंडअळी दादा, तुमचं वाचून आजच चार पेशंटना समोर थेंब टाकायला लावलं. एकाने झाकणच न उघडता बाटली दाबली.

शिक्का करायला टाकला आहे. टोनोमीटर तपासला, ६ वर दांडी चुकीची निघाली, दुरुस्तीला नागपूरला पाठवतेय. धीर करून मोठ्या सरांना फोन केला आणि त्या बाईची हकिगत सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रविवारी माझ्या घरी या सगळे. माझेही पेपर काढून ठेवतो."

आता एकच अडचण उरली. फील्ड टेस्टचं, म्हणजे बाजूची नजर किती उरली ते मोजायचं, मशीन गावात नाही. पेशंटला सेवाग्राम किंवा नागपूरला जायचं म्हणजे मजुरी बुडते, सोबतीला एक माणूस लागतो, म्हणून जातच नाहीत. पाच जणांत मिळून एक जुनं मशीन कुणी घेतलंय का? ते कुणाच्या दवाखान्यात ठेवलं, आणि त्यावरून भांडण झालं का, तेही सांगा.