चाळिशीनंतर गाण्याचा क्लास लावून नेमकं काय हाती लागतं? (नाशिक)

इंदिरानगरची_बाई
नमस्कार. माध्यमिक शाळेत शिकवते, रोज पाच-सहा तास बोलणं होतं आणि संध्याकाळी आवाज बसतो. कॉलनीतल्या भजनी मंडळात गाते. वरच्या सुरांना घसा ताणतो, पेटी थांबली की सूर खाली येतो. स्टेजवर गायचं नाही, विशारदही व्हायचं नाही. मग क्लास लावून काय फायदा? घरी पेटी आहे, यूट्यूब आहे, तेवढ्यावर भागेल का?

मंद्रपंचम
ताई, पेटी थांबली की सूर खाली येतो, हा दोष पेटीच्या मागे मागे गाऊन जात नाही, उलट झाकला जातो. आपला आवाज आपण हवेतून ऐकतो तसा कवटीच्या हाडांतूनही ऐकतो. त्यामुळे गाताना तो भरदार आणि सुरेल वाटतो आणि रेकॉर्डिंग लावलं की परका. समोर बसलेले गुरुजी ‘निषाद (नी) उतरला’ म्हणून तिथल्या तिथे थांबवतात. यूट्यूब कसं थांबवणार? माझ्या मते क्लासचा मुख्य फायदा हाच, दुसरा कान मिळतो. बाकीचे त्याच्यामागून येतात.

पेटीऐवजी तंबोरा धरा. चार तारा: पंचम (प), जोडाच्या दोन (मध्य षड्ज, म्हणजे मधला सा), मग खर्ज (खालचा सा). नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार (ग) न छेडता ऐकू येतो, तोच स्वयंभू गंधार. बाजारातल्या बहुतेक पेट्यांचा गंधार त्याहून चढा असतो, कारण त्यांत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. फरक सुमारे १४ सेंटचा, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा साधारण सातवा हिस्सा. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण भूप रागातला गंधार लांबवून धरला की टोचतो.

वर घसा ताणतो त्याचं कारण बहुतेक वेळा पट्टी, म्हणजे जो सूर सा धरून गातो तो, चुकीची असणं. भजनी मंडळात पट्टी पेटीवाल्याच्या सोयीने ठरते. स्वतःची अशी शोधा: सकाळी नाही, दुपारनंतर, आवाज मोकळा असताना आकारात (‘आ’ म्हणत) खाली उतरत जा. जो शेवटचा सूर घरघर न होता स्पष्ट लागतो तो मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) धरा. तिथून काळ्या-पांढऱ्या मिळून पाच पट्ट्या वर जा, तो तुमचा सा. शेवटचा स्पष्ट सूर काळी दोन (सप्तकातली दुसरी काळी पट्टी) असेल तर सा काळी चार येईल. मग तार गंधार (वरच्या सप्तकातला ग) जोर न लावता लागतो का पाहा. लागत नसेल तर सा अर्ध्या सुराने उतरवा. बायकांची पट्टी साधारण पांढरी पाच ते काळी पाचच्या दरम्यान बसते, पुरुषांची काळी एकच्या आसपास.

घसा_आणि_गाणं
आवाज बसण्याबद्दल. काळी चारच्या मध्य षड्जाला स्वरतंतू सेकंदाला साधारण २०८ वेळा एकमेकांवर येतात. पाच-सहा तास बोलताना ते किती वेळा आपटतात याचा हिशोब करून बघा. वर्गात आवाज चढवताना आपण श्वास वाढवत नाही, गळा आवळतो, आणि तिथेच मार बसतो. चांगला क्लास पहिले काही महिने हीच सवय मोडतो, म्हणून गाणं फारसं आलं नाही तरी शिकवण्याला उपयोग होतो.

रियाजाचा क्रम: पाच मिनिटं ओठ फुरफुरवत सा ते प वरखाली. मग तोंड मिटून हुंकार. मग आकारात खर्ज (खालच्या सप्तकातले सूर), दहा मिनिटं, एकेक सूर एका श्वासात. श्वास घेताना बरगड्या आणि पोट बाजूंना फुगतात, खांदे हलत नाहीत. खांदे वर गेले तर श्वास उथळ झाला. शेवटी पलटे (सुरांचे ठरावीक क्रम), आधी ठाय (संथ), मग दुगुन (दुप्पट लयीत).

चूक होते ती खर्जातच. खाली सूर लागत नाही म्हणून लोक जबडा दाबून घोगरा आवाज काढतात आणि त्याला साधना म्हणतात. खर्ज हळू आवाजातच करायचा. घसा दुखला की थांबायचं, दुखण्यातून आवाज ‘तयार’ होत नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची पहाट गार असते, तेव्हा उठल्या उठल्या खर्ज नको, अर्धा तास जाऊ द्या. रात्री उशिरा तर्रीदार मिसळ हाणून झोपलात तर आम्ल घशापर्यंत येतं आणि सकाळी आवाज खरखरतो. (मिसळ सोडा असं नाशकात कोण म्हणेल? दुपारी खा.)

आवाज बसलेला तीन आठवड्यांत सुटला नाही तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, क्लास नंतर.

पंचवटीकर
सगळेच क्लास सारखे नसतात हेही सांगायला हवं. पंधरा जण एकत्र गातात आणि वर पेटी जोरात वाजते, अशा बॅचमध्ये वर सांगितलेला दुसरा कान मिळत नाही. चौकशीला जाल तेव्हा पूर्ण तास मागे बसू द्या म्हणा. तासात प्रत्येकाला एकट्याने गायला लावतात का, आणि तुमची पट्टी वेगळी असेल तर तंबोरा बदलतात का, एवढं पाहिलंत तरी पुरे.

परीक्षांचं म्हणाल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या आहेत. तुम्हाला प्रवेशिकेपर्यंत अभ्यासक्रम शिस्तीसाठी बरा, पुढे रागांची संख्या वाढते आणि आवाजाकडे दुर्लक्ष होतं. (नाशिकला तसा वारसा आहे: गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात पंचवटीतच रामनाम आधाराश्रम काढला होता.) क्लाससोबत ऐकणंही ठेवा. कुसुमाग्रज स्मारक, कालिदास कलामंदिर आणि दिवाळीत पिंपळपारावरची पाडवा पहाट सोडू नका.

ठेका_धुमाळी
लय राहिली. हाताने टाळी-खाली देत पलटे म्हणा. भजनात शेवटी लय वाढते तेव्हा बहुतेक जण शब्द खातात, श्वास कुठे घ्यायचा ते ठरलेलं नसतं म्हणून. चरणात श्वासाच्या जागा पेन्सिलने खुणा करून ठेवा.

इंदिरानगरची_बाई
सर्वांचे आभार. पट्टी शोधली, पांढरी पाच आली, मंडळात काळी पाचवर गातो आम्ही! तंबोऱ्याचं ॲप घेतलंय. पहिली तार कायम पंचमावरच लावू का?

मंद्रपंचम
म्हणजे दीड सूर वर गात होतात, पेटीवाल्यांशी बोला. ॲपबद्दल: सुरुवातीला भूप, यमन, काफीसाठी पंचम ठीक. मालकंस रागात पंचम वर्ज्य आहे, तिथे पहिली तार मध्यमावर (म). मारव्यात पंचम नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, तिथे निषाद. आणि मोबाईलच्या स्पीकरवर खर्जाची तार ऐकूच येत नाही, छोटा ब्लूटूथ स्पीकर जोडा.