कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा कॅप्टन कोण असावा: जास्त पॉइंट करणारा की कोर्टवर बोलणारा?

पाच नंबरवाला, फोंडा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली, पाऊस ओसरला की आमच्या गोव्यातली उघडी कोर्टं पुन्हा वापरात येतात. कडेचं शेवाळ खरवडायचं, पुसट झालेल्या रेषा पुन्हा ओढायच्या आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या तयारीला लागायचं. मी एकेकाळी कॉलेजसाठी सेंटर, म्हणजे बास्केटजवळचा पाच नंबरचा खेळाडू, म्हणून खेळलो. आता नोकरी सांभाळून संध्याकाळी तिथल्याच मुलांबरोबर उभा राहतो, सरांना मदत म्हणून. दर वर्षी या दिवसांत कॅप्टन ठरतो आणि दर वर्षी ते काम पाच मिनिटांत उरकतं. तृतीय वर्षाचा, त्यातल्या त्यात जास्त पॉइंट करणारा, झाला कॅप्टन. मला ही पद्धत चुकीची वाटते.

गेल्या मोसमातली एक मॅच सांगतो. शेवटचा क्वार्टर, तीन-साडेतीन मिनिटं उरलेली, आम्ही चार पॉइंटनी पुढे. समोरच्यांनी एकच चाल लागोपाठ तीनदा खेळली. त्यांचा गार्ड वरच्या बाजूने चेंडू घेऊन यायचा, त्यांचा उंच मुलगा आमच्या डिफेंडरच्या पाठीमागे येऊन स्क्रीन लावायचा, म्हणजे वाट अडवून उभा राहायचा, आमचा मुलगा त्याच्यावर आदळायचा आणि गार्ड मोकळा होऊन आत शिरायचा. तीन वेळा, तीन बास्केट. सरांचे टाइमआउट संपले होते. आमच्या कॅप्टनने त्या दिवशी सगळ्यांत जास्त पॉइंट केले होते, पण त्या तीन वेळा त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. दर बास्केटनंतर तो मान खाली घालून पुढे पळायचा, आपण पॉइंट करून भरून काढू म्हणून.

मग आमच्या एका मुलाचा पाचवा फाउल झाला आणि त्याच्या जागी द्वितीय वर्षाचा एक मुलगा आत आला. बास्केटखाली उभा राहिला आणि पहिल्याच चालीला कोकणीत ओरडला, ‘दावें, दावें! फाटल्यान आसा!’ डाव्या बाजूने, तुझ्या मागे आहे. डिफेंडरने खांदा वळवला, स्क्रीनच्या वरून निघाला, शॉट चुकला. पुढच्या वेळी तो ‘म्हजो!’ (माझा!) म्हणत स्वतःच पुढे आला आणि दोघांनी आपापली माणसं बदलून घेतली. मॅच आम्ही एका पॉइंटने हरलो, पण त्यानंतर ती चाल एकदाही चालली नाही.

ज्याच्यावर स्क्रीन लागते त्याला ती दिसत नाही, कारण ती पाठीमागून येते आणि त्याचे डोळे चेंडूवर असतात. ती दिसते सगळ्यांत मागे, बास्केटजवळ उभा असलेल्याला. चौघांची पाठ आणि समोरचे पाचही जण एकाच वेळी पाहणारा तो एकटाच. आक्रमणात संपूर्ण कोर्ट चेंडू घेऊन येणाऱ्या पॉइंट गार्डच्या समोर असतं, बचावात या मागच्या माणसाच्या. म्हणजे पॉइंट करणाऱ्याचा हात कितीही चांगला असला, तरी संघाला हलवणारा आवाज दुसऱ्याच जागेवरून यावा लागतो. बिल रसेल सेंटर होता, त्याचं मोठेपण बचावात होतं. अमेरिकेतल्या बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाने १९६६ मध्ये त्याला खेळाडू असतानाच कोच केलं आणि १९६८ आणि १९६९ अशी दोन विजेतेपदं त्याने तशीच मिळवून दिली.

म्हणून मी म्हणतो, ज्याचा आवाज कोर्टवर चालतो त्याला कॅप्टन करा. वर्ष बघू नका, पॉइंट बघू नका.

डिचोलीचे मास्तर

तुम्ही स्वतः सेंटर खेळलात, म्हणून तुम्हाला मागचा माणूस दिसतो. मी वीस वर्षं मुलांना खेळवतोय, मला संघाचे सहा महिने दिसतात. मॅच चाळीस मिनिटांची. कॅप्टनचं काम त्याआधी कितीतरी सुरू होतं. सरावाला कोण आला नाही, कुणाची इंटर्नल परीक्षा आहे, कोण दुखापत लपवतोय, नवीन आलेल्या मुलाला कोण चिडवतंय, हे त्याला ठाऊक असावं लागतं. एका मॅचमध्ये नेमक्या वेळी ओरडला म्हणून हे सगळं त्या मुलाच्या गळ्यात घालणार?

ज्येष्ठतेचंही ऐका. तुम्ही सांगता तसं मी एकदा केलं होतं. द्वितीय वर्षाच्या मुलाला कॅप्टन केलं, मुलगा खरोखर हुशार होता. तृतीय वर्षाच्या दोघांनी तोंडाने काही म्हटलं नाही, पण एकाला आठवड्याभरात क्लास लागला आणि दुसऱ्याचा गुडघा दुखू लागला. स्पर्धेला आम्ही सात जण घेऊन गेलो. उपांत्य सामन्यात दोघे पाच फाउलवर बाहेर गेले आणि शेवटची मिनिटं माझ्याकडे बदली खेळाडूच उरला नाही. तो कॅप्टन रडला. त्याची काही चूक नव्हती, चूक माझी होती. एकोणीस वर्षांच्या पोराला मी त्याच्या वयाला न पेलणारं ओझं दिलं. रसेलचं उदाहरण इथे लागू नाही. कोच झाला तेव्हा त्याच्यामागे दहा वर्षांचा व्यावसायिक खेळ होता.

आणि बोलणं शिकवता येतं. पाचही जणांना शिकवा. त्यासाठी कॅप्टनपद वाटायची गरज नाही.

सांगेकर

आमच्या वाड्यावर घुमट या मातीच्या चर्मवाद्यावर घुमट आरती होते. आरती उचलतो तो एक, शामेळ या तालवाद्यावर ताल धरतो तो दुसरा. उचलणाऱ्याचा गळा चांगला असतो, पण लय पळायला लागली की सगळे शामेळाकडे बघतात. तरी मान उचलणाऱ्याचाच. मला यात काही वावगं वाटत नाही, दोघांना एकमेकांचं काम कळलं की झालं.

शिटी

मी पंचगिरी करतो, म्हणून नियमातलं थोडं सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांचा समज वेगळा दिसतो.

आपल्याकडच्या स्पर्धा फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी होतात. त्यात कॅप्टनला कोर्टवर फार मोठे अधिकार नाहीत. चेंडू मृत असताना आणि घड्याळ थांबलेलं असताना तो पंचांना सभ्यपणे माहिती विचारू शकतो. टाइमआउट मागण्याचा हक्क मुख्य कोच किंवा पहिला सहायक कोच यांनाच. पहिल्या हाफमध्ये दोन, दुसऱ्यात तीन, आणि त्या तीनपैकी शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोन. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये खेळाडूही टाइमआउट मागू शकतो, म्हणून १९९३ च्या अंतिम सामन्यात मिशिगनच्या ख्रिस वेबरने तो मागितला. संघाकडे टाइमआउट उरलेलाच नव्हता. अकरा सेकंद बाकी, टेक्निकल फाउल (धक्का न लागता झालेल्या नियमभंगाचा फाउल), आणि नॉर्थ कॅरोलिना ७७-७१ ने जिंकलं. आपल्या मुलांवर तशी वेळ येणार नाही, पण याचा दुसरा अर्थ असा की सरांचे टाइमआउट संपले की खेळाडूंकडे एकच जागा उरते: फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा बिनअडथळ्याचा शॉट. शिटी वाजल्यापासून चेंडू नेमबाजाच्या हातात जाईपर्यंत काही सेकंद मिळतात. चांगला संघ तेवढ्यात एकत्र येतो, दोन वाक्यं बोलतो आणि आपापल्या जागी जातो.

मी पाहिलेल्या बऱ्याच कॉलेज मॅचमध्ये या वेळात पाच जण पाच दिशांना बघत असतात. कॅप्टन माझ्याशी हुज्जत घालत असतो. त्यातून त्याला टेक्निकल मिळतो आणि दुसरा मिळाला की तो बाहेर जातो. क्वार्टरमध्ये आपल्या संघाचे किती फाउल झाले हेसुद्धा त्याला ठाऊक नसतं. चार झाले असतील तर पुढे बचावात केलेल्या साध्या फाउललाही समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळणार. कॅप्टनने आधी ते मोजावं.

पेडण्याची गार्ड

सर, तुमचं फ्री थ्रोबद्दलचं वाचून मला आमची कॅप्टन आठवली.

तुम्ही सगळे मुलांच्या संघाबद्दल बोलताय, जिथे कॅप्टन कोण यावर भांडण होतं. आमच्या मुलींच्या संघात आठ जणी जमवणं हेच मोठं काम असतं. मी पेडण्याहून म्हापशाला कॉलेजला जायचे. सराव साडेसहाला संपायचा आणि नंतरची बस चुकली की घरी बाबा दारात उभे. दुसऱ्याच महिन्यात घरून सांगितलं, बंद कर. कॅप्टनने त्या रात्री बाबांना फोन केला. काय बोलली मला आजही नीट माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून सराव वीस मिनिटं आधी सुरू झाला आणि ती मला स्वतः बसस्टँडवर सोडायला यायची, गाडी सुटेपर्यंत थांबायची. असे फोन तिने किमान चौघींच्या घरी केले.

ती जास्त पॉइंट करणारी नव्हती. मॅचला चार, फार तर सहा. पण फाउल झाला की जिच्या हातून झाला तिच्याकडे ती आधी जायची आणि तिचं मनगट धरायची. दंड नाही, खांदा नाही, मनगट. मग बाकीच्या आपोआप जवळ यायच्या. ‘हात वर, पाय हलव. आता चौथा आहे तुझा, चेंडूवर हात मारू नकोस, नुसती समोर उभी राहा.’ एवढंच बोलायची. मी तीन वर्षांत तिला कोर्टवर ओरडताना पाहिलं नाही.

मास्तर, तुम्ही म्हणता कॅप्टनचं काम सहा महिन्यांचं. खरं आहे. पण तुमच्या तृतीय वर्षाच्या मुलांपैकी किती जण कुणाच्या बाबांना फोन करतात? ते काम केलं म्हणून त्यांना पद मिळत नाही. आधी पद मिळतं, मग काम करतील अशी आशा. आणि फोंड्याच्या दादा, नुसत्या आवाजाने माणूस मागे येत नाही. आमचा विश्वास तिच्यावर बसस्टँडवर बसला होता, म्हणून तिने मनगट धरलं की आम्ही ऐकायचो.

म्हापशेकर विद्यार्थी

या विषयावर एक अभ्यास आहे. कात्रीन फ्रान्सेन आणि सहकाऱ्यांनी बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात नऊ सांघिक खेळांतल्या ४,४५१ खेळाडू आणि कोचना विचारलं. नेतृत्वाच्या चार भूमिका धरल्या: खेळात दिशा देणं, हुरूप वाढवणं, संघातलं वातावरण सांभाळणं आणि बाहेरच्यांशी बोलणं. ४४ टक्के लोकांच्या मते त्यांचा कॅप्टन या चारपैकी एकाही भूमिकेत मुख्य नेता नव्हता. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे फोंडेकरांची तक्रार फोंड्यापुरती नाही.

डिचोलीचे मास्तर

आकडा चांगला आहे, पण तो माझ्या बाजूनेही बोलतो. नेते चार असतात, कॅप्टन एक. मग द्वितीय वर्षाच्या त्या मुलाला बचावाचा आवाज राहू द्या, कॅप्टन कशाला बदलता?

पेडण्याच्या ताईंनी विचारलेल्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मी आजवर कॅप्टन निवडताना कुणी कुणासाठी काय केलं हे कधी विचारलं नाही. हजेरी आणि पॉइंट दोन्ही वहीत असतात, तेच बघत आलो. यंदा विचारीन.

पाच नंबरवाला, फोंडा

मास्तर, तुमच्या सात जणांची गोष्ट वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही. मी फक्त मॅच बघत होतो हे मान्य. पण ‘आवाज राहू द्या, कॅप्टन कशाला बदलता’ यावर माझा आक्षेप कायम आहे. आवाज राहतो कुठे? त्या मॅचमध्ये तो मुलगा ओरडला तेव्हा आमच्या कॅप्टनने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि ती नजर मला बाजूच्या रेषेवरून दिसली. पुढच्या सरावाला तो मुलगा गप्प होता. पद नसलेल्याने बोलायचं तर पद असलेल्याने आधी त्याला मोकळीक द्यावी लागते, आणि आपण ती द्यायला कुणाला शिकवत नाही.

काल मी त्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, यंदा तुझं नाव सुचवू का? रेषा ओढायचं काम चाललं होतं, त्याच्या हातात चुन्याची बादली होती. म्हणाला, ‘म्हाका कॅप्टन नाका. हांव आड्डटा तेन्ना तांणी आयकुपाक जाय, इतलेंच.’ मला कॅप्टन नको, मी ओरडतो तेव्हा त्यांनी ऐकायला हवं, इतकंच.

डिचोलीचे मास्तर

मग यंदा जो कॅप्टन कराल त्याला सगळ्यांसमोर सांगायला लावा, की बचावात हा बोलेल आणि मीसुद्धा ऐकेन. कॅप्टनच्याच तोंडून. सरांनी सांगून उपयोग नाही, तुम्ही सांगून तर नाहीच.

पेडण्याची गार्ड

आणि ते पहिल्याच सरावाला. मॅचच्या आदल्या दिवशी नव्हे.